तिसऱ्या दिवशी म्हणजे केव्हा?

दिवाळी अंकासाठी व्याकरणावर लिहायला बसलो आहे हे कळताच सौ.ने कपाळाला हात लावला. "लोक अंक घेतात ते चकली खाता खाता वाचायला. त्यांना सणासुदीचं कशाला छळता?" तिचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण या सदराच्या जुन्या वाचकांना माझी खोड ठाऊक आहे. आणि यंदाचा विषय काही मी शोधायला गेलो नव्हतो. तो आपल्या पायांनी चालत आमच्या घरात आला.

झाले असे की, आमची कन्या यंदा नववीत, सेमी इंग्रजीला आहे. सहामाही परीक्षा आटोपली आणि शाळेने सुटीचा गृहपाठ दिला. त्यात इंग्रजीची वीस वाक्ये. प्रत्येक वाक्यात काही शब्दांखाली रेघ मारलेली, आणि तो शब्दसमूह 'ॲडव्हर्ब फ्रेज' आहे की 'ॲडजेक्टिव्ह फ्रेज' ते पुढे लिहायचे. बाईसाहेब अर्धा तास पेन्सिल चावत बसल्या. शेवटी माझ्याकडे आल्या.

"बाबा, दोन्हीकडे 'ऑन द हिल'च आहे. मग एका ठिकाणी हे आणि दुसऱ्या ठिकाणी ते, असं कसं?"

वाक्ये होती, 'द टेम्पल ऑन द हिल इज ओल्ड' आणि 'वी सॅट ऑन द हिल'.

आता मी पडलो मराठीचा मास्तर. इंग्रजीच्या व्याकरणाला हात घालायचा तर मला मराठीच्याच दारातून आत शिरावे लागते. म्हटले, "आपण नवरात्रात अंबडला मत्स्योदरीला जातो ना? मग ही दोन वाक्यं मराठीत सांग."

"टेकडीवरचं देऊळ जुनं आहे. आम्ही टेकडीवर बसलो."

"काय फरक पडला?"

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "एकीकडे 'वरचं' झालं, दुसरीकडे नुसतं 'वर' राहिलं."

झाले तर मग! जिथे मराठीत चा-ची-चे येतो तिथे तो शब्दसमूह नामाला जाऊन चिकटला, म्हणजे विशेषणाचे काम करू लागला. जिथे येत नाही तिथे तो क्रियापदाच्या सेवेत आहे. केव्हा, कोठे, कसे, कशासाठी हे सांगतो. तोच 'ॲडव्हर्ब फ्रेज'. बाजारातल्या भाजीवाल्या, आणि भाजीवाल्या बाजारात बसल्या. सकाळची गाडी, आणि गाडी सकाळी सुटली. ज्यांच्या घरी आठवी-नववीतली मुले आहेत त्यांनी ही कसोटी लावून पाहावी. कधी 'चा'च्या ऐवजी 'असलेला' किंवा 'आलेला' येतो, पण न्याय तोच. कन्येने पुढची वाक्ये दहा मिनिटांत हातावेगळी केली. एक मात्र अडले, 'ही स्पोक टू द मॅन ॲट द डोअर.' तो दारातल्या माणसाशी बोलला, की माणसाशी दारात उभा राहून बोलला? मी सांगितले, दोन्ही लिही. तिने ते ऐकले नाही. बाई दोन उत्तरांना गुण देत नाहीत म्हणे.

हे अडलेले वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. त्याच्यासारख्याच एका वाक्याने आमच्या एका ओळखीच्या घरात काय गोंधळ घातला असता ते पुढे येणारच आहे.

मुळात मराठीत शब्दांना आठ खणांत बसवण्याची ही पद्धत आपण घेतली इंग्रजीकडून. यास्काचार्यांच्या वेळी चारच खण होते, नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापून निघाले आणि इंग्रजी धर्तीची मांडणी शाळाशाळांतून रुळली. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहून त्या मांडणीची कसून उलटतपासणी केली. तरी शाळेच्या पुस्तकातले आठ खण काही हलले नाहीत. मग 'सकाळी' कोणत्या खणात टाकायचा, 'घरी' कोणत्या, यावर वाद सुरू होतात. 'घरी' हे क्रियाविशेषण म्हणावे तर आपण 'माझ्या घरी' म्हणतो; म्हणजे आतले घर अजून जिवंत आहे, त्याला 'माझ्या' चिकटते. 'हळू' किंवा 'आज' यांना असे काही चिकटवून पाहा बरे! तेव्हा मराठीतला 'घरी' हा दिसायला एक शब्द, पण आतून अख्खा शब्दसमूह. इंग्रजीला ज्यासाठी दोन-तीन शब्द लागतात ते काम आपली एक दीर्घ ईकाराची वेलांटी करते.

आणि इथेच आपली मुले ठेचकाळतात. सोमवारी, सकाळी, रात्री. आपल्याकडे तिघांना एकच शेपूट. इंग्रजीत मात्र 'ऑन मंडे', 'इन द मॉर्निंग', 'ॲट नाईट', तिघांचे तीन मानकरी. बरे, मंडेला 'ऑन' हवा म्हणून 'ऑन लास्ट मंडे' म्हणावे तर तेही चूक. 'लास्ट' आला की 'ऑन'ने निघून जायचे. 'गो'नंतर 'टू' येतो म्हणून 'गो टू स्कूल'. पण 'गो टू होम' म्हटले की बाई लाल रेघ मारतात. याला कारण काय म्हणून मुले विचारतात. होम हा शब्द इंग्रजीत या ठिकाणी स्वतःच क्रियाविशेषण होऊन बसला आहे, आपल्या 'घरी'सारखा, हे त्याचे उत्तर. एवढे समजावून सांगितले की मूल ती चूक सहसा पुन्हा करत नाही. पण वर्गात पन्नास-साठ मुले असली की समजावायला सवड कोणाला?

आमचे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले. १७ सप्टेंबर १९४८ नंतर पुढे नोकरीसाठी इंग्रजीची गरज भासू लागली, तेव्हा त्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ते घरच्या घरी घोटले. ते म्हणायचे, उर्दू अवघड गेली नाही, कारण तिथेही 'में', 'से', 'पर' आपल्यासारखे शब्दाच्या मागूनच येतात. इंग्रजीत आधी 'इन' म्हणायचे आणि मग कशात ते सांगायचे, हे त्यांच्या जिभेला शेवटपर्यंत उलटे वाटले.

उलटेपणा तेवढ्यावर थांबत नाही. आमच्या जालना जिल्ह्यात असई नावाचे गाव आहे. तिथल्या लढाईवरचे एक वाक्य मी कित्येकदा वर्गात फळ्यावर लिहितो. '२३ सप्टेंबर १८०३ रोजी दुपारी असईजवळ वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर हल्ला केला.' हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. वाक्य पाहा. दिवस आधी, मग वेळ, मग जागा, मग माणसे, आणि हल्ला अगदी शेवटी. इंग्रजीत हे सांगायचे तर वेलस्ली पहिल्या झटक्यात हल्ला करून मोकळा होतो. कोणावर, कोठे, केव्हा हे सगळे सामान मागून येते, आणि त्यातही जागा आधी, वेळ नंतर. आपण रिंगण आखून मग खेळाडू उतरवतो. आपल्या खरेदीखतातसुद्धा आधी जिल्हा, मग तालुका, मग मौजे अमुक, आणि तेव्हा कुठे गट नंबर उगवतो.

त्या लढाईतली एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. वेलस्लीला केळणा नदी ओलांडायची होती आणि वाटाड्ये म्हणत होते, इथे उतार नाही. त्याला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. त्याने ताडले की एवढी जवळ वसलेली माणसे एकमेकांकडे ये-जा केल्याशिवाय राहणार नाहीत, तेव्हा उतार असलाच पाहिजे. आणि तो होता. 'समोरासमोर' हे स्थलवाचक क्रियाविशेषण. मुलांना मी सांगतो, बाबांनो, केवळ त्या एका शब्दावरून त्याने फौज पाण्यात घातली. मुले हसतात आणि तो खण मात्र पक्का लक्षात ठेवतात.

असो. आता थोडे स्वतःविषयी. वीस वर्षे होत आली असतील. एका मोठ्या शहरातल्या एका संस्थेत मी मुलाखतीला गेलो होतो. जागा मराठीच्या अध्यापकाची. समितीतल्या एका गृहस्थांनी प्रश्न मात्र इंग्रजीत घातला, सध्या काय करता? मी उत्तरलो, 'आय ॲम टीचिंग सिन्स फोर इयर्स.' गृहस्थांनी शेजारच्यांकडे पाहिले. शेजारचे हसले. मग प्रश्न संपलेच. ती जागा ज्याला मिळाली तो माझ्याहून चांगला शिकलेला होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते हसू मात्र अजून विसरता येत नाही.

चूक काय होती ते मला परतीच्या गाडीत जालना येईपर्यंत कळले नव्हते. मराठीत आपण 'सोमवारपासून' म्हणतो आणि 'चार वर्षांपासून'ही म्हणतो; 'पासून' दोन्हीकडे चालतो. इंग्रजीतल्या 'सिन्स'ला खुंटी लागते. अमुक साल, अमुक वार, अमुक घटना. चार वर्षे ही खुंटी नव्हे, ती दोरीची लांबी झाली. लांबी सांगायची तर 'फॉर', आणि क्रियापदही बदलून 'हॅव बीन टीचिंग'. आज मराठी घरांतून, कचेऱ्यांतून, दूरदर्शनच्या चर्चांतूनसुद्धा हे 'सिन्स टेन इयर्स' रोज कानी पडते, आणि मी गप्प बसतो. हसत तर मुळीच नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. चार वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. घरी कोरडवाहू शेती, रब्बीला हरभरा. काढणीला आठवडा राहिला असेल-नसेल, तोच रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास गारपीट झाली आणि उभा हरभरा झोपला. पीक विमा उतरवलेला होता. त्या वेळी नियम असा होता की, गारपिटीसारखे नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळवले पाहिजे. वडिलांनी मंगळवारी सकाळी अकरा वाजता तालुक्याच्या गावी जाऊन मराठीत लेखी अर्ज दिला आणि शिक्क्यानिशी पोच घेतली. म्हणजे किती तास झाले? ४१. मुदत संपायला अजून सव्वा दिवस होता.

पुढे महिना गेला तरी कोणी शेतात फिरकले नाही. कोणीतरी सल्ला दिला की कंपनीच्या मुख्य कचेरीला इंग्रजीत ई-मेल करा. घरात इंग्रजी येणारा तो एकटा. त्याने सगळी हकीकत लिहिली, त्यात हे वाक्य होते, 'वी इन्फॉर्म्ड द ऑफिस आफ्टर थ्री डेज.' आठ दिवसांत उत्तर आले. आपण स्वतःच लिहिल्याप्रमाणे सूचना ७२ तासांनंतर दिली असल्याने दाव्याचा विचार करता येत नाही.

बाप-लेक दोघेही माझ्याकडे आले. वडील खुर्चीच्या कडेवर बसले आणि पुन्हा पुन्हा एकच म्हणत राहिले, "गुरुजी, आम्ही तर तिसऱ्याच दिशी कळवलं व्हतं. देवाशपथ, तिसऱ्याच दिशी."

आणि ते शंभर टक्के खरे होते. रविवार एक, सोमवार दोन, मंगळवार तीन. आपण मोजताना पहिला दिवस धरतो. बाराव्या दिवशी बारसे करतो तेव्हा जन्माचा दिवस पहिला. तेराव्याचेही तसेच. डॉक्टर सोमवारी म्हणतात, "आठ दिवसांनी या," आणि आपण पुढच्या सोमवारीच जातो, मंगळवारी जात नाही. दोन आठवडे चौदा दिवसांचे असले तरी आपण म्हणतो पंधरा दिवस. यात आपण काही जगावेगळे नाही. फ्रेंच लोकही आठवड्याला 'आठ दिवस' आणि दोन आठवड्यांना 'पंधरा दिवस' म्हणतात. पण इंग्रजीतला 'आफ्टर थ्री डेज' तीन दिवस पुरे होऊन गेल्याशिवाय तोंड उघडत नाही. मुलाने 'तिसऱ्या दिवशी' मनात धरले, हाताने 'आफ्टर थ्री डेज' लिहिले, आणि ४१ तासांचे ७२च्या वर होऊन बसले. 'ऑन द थर्ड डे' लिहिले असते तरी मोजणीचा घोळ पुरता मिटला नसता, पण निदान बुडाले तरी नसते.

तीन दिवसांनी, तीन दिवसांत, तीन दिवसांच्या आत, तीन दिवसांपूर्वी, तीन दिवसांपासून. पाहा, आपल्याकडे पाच शेपट्या आणि पाच निरनिराळे अर्थ. एकाचा दुसऱ्यात गोंधळ नाही. इंग्रजीतला 'इन थ्री डेज' मात्र कधी 'तीन दिवसांनी' असतो, कधी 'तीन दिवसांत'. तो तीन दिवसांनी येईल आणि त्याने काम तीन दिवसांत संपवले, दोन्हीकडे तोच 'इन'. ज्याला हे कोणी सांगितलेच नाही त्या पोराला काय दोष द्यायचा? तो मान खाली घालून बसला होता. वडिलांनी त्याला एका शब्दानेही बोलून दाखवले नाही, आणि त्यामुळेच त्याला अधिक लागले असावे.

"सर, माझ्यामुळं गेलं," एवढेच तो म्हणाला.

"गेलं नाही अजून. पोच कुठंय?" मी विचारले. पोच त्याच्या वडिलांच्या बंडीच्या खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत चौघडी घालून ठेवलेली होती. शिक्का स्पष्ट, तारीख स्पष्ट.

मी नवा मजकूर लिहायला घेतला आणि मोठ्या ऐटीत पहिले वाक्य लिहिले, 'वी इन्फॉर्म्ड द ऑफिस ऑफ द हेलस्टॉर्म ऑन ट्यूजडे.' नशीब की तो कागद मी आमच्या इंग्रजी विभागातल्या सहकाऱ्याला दाखवला. त्यांनी चष्मा वर करून विचारले, "गारपीट मंगळवारी झाली का?"

मी चपापलो. माझ्या मनात मराठी वाक्य होते, 'आम्ही मंगळवारी गारपिटीची माहिती दिली.' यात मंगळवारी या शब्दाचे नाते 'दिली'शी आहे याबद्दल कोणाला शंका येणार नाही. गारपीट मंगळवारची असती तर आपण 'मंगळवारच्या' म्हटले असते. ते 'च्या' आपल्या राखणीला उभेच असते. इंग्रजीत तशी राखण नाही. 'ऑन ट्यूजडे' जसाच्या तसा राहतो. तो ज्याच्या शेजारी बसेल त्याचा होतो. इथे तो बसला होता 'हेलस्टॉर्म'च्या मांडीला मांडी लावून. कंपनीला हवेच असते तर तिने विचारले असते, आधीच्या पत्रात रविवार, आता मंगळवार, खरी गारपीट कोणती?

माझ्या कन्येच्या वहीतले ते दारातले वाक्य आणि हे वाक्य एकाच जातीचे.

मग आम्ही दोघांनी मिळून तो 'ऑन ट्यूजडे' उचलून वाक्याच्या तोंडाशी आणला. त्याच्या पुढे तारीख आणि 'ॲट इलेव्हन ए. एम.' लिहिले. शेवटी जोडले, 'विदिन फॉर्टी-वन अवर्स ऑफ द हेलस्टॉर्म.' तासांचा आकडा घातला म्हणजे दिवस मोजण्याची भानगडच उरत नाही. गारपिटीचा वार, तारीख आणि वेळ वेगळ्या वाक्यात. आधीच्या पत्रातले 'आफ्टर थ्री डेज' चुकीने लिहिले गेले, हेही सरळ कबूल केले. पोचेची छायाप्रत जोडली. मुलाने तो मजकूर तीनदा वाचला आणि पाठवायच्या आधी वडिलांना मराठीत समजावून सांगितला. वडील म्हणाले, "आता बराबर तिसऱ्या दिशी झालं."

दावा पुढे मंजूर झाला. रक्कम नुकसानीच्या मानाने थोडी होती, आणि ती आली जुलैत. तोवर खरिपाची पेरणी उसनवारीवर उरकली होती. पण आली. तो मुलगा पुढे बी.ए. झाला. आता एका बियाण्याच्या दुकानात हिशेब पाहतो, आणि दुकानाचा इंग्रजी पत्रव्यवहारही त्याच्याचकडे असतो. कागदावर तारीख आणि वेळ घातल्याशिवाय तो कोणाला काही पाठवत नाही, असे त्याचे मालक मला एकदा बाजारात भेटले तेव्हा कुरकुरत सांगत होते.

हे लिहिता लिहिताच त्याचा फोन आला. "सर, परवा येतो. वडिलांनी हरभऱ्याची डाळ दिलीय." कन्या शेजारीच बसली होती. म्हणाली, "बाबा, परवा म्हणजे कुठला? झालेला पण परवाच आणि येणारा पण परवाच. इंग्रजीत कसं, दोघांना वेगवेगळं आहे."

"अगं, येतो म्हणाला ना?"

"मग 'आलो होतो' म्हणाला असता तर झालेला?"

"हो."

तिने वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहून ठेवले. सौ.ने आतून विचारले, कोण येणार आहे आणि केव्हा. सांगितल्यावर तिने चकल्यांचा एक डबा वेगळा काढून वरच्या फळीवर ठेवला.